दाखला आहे, दंतवैद्य नाही

इंग्लंडमध्ये गरोदर स्त्रीला, आणि बाळंतपणानंतर बारा महिने मातेला, राष्ट्रीय आरोग्य सेवेत दातांचे उपचार विनामूल्य मिळतात. उत्पन्नाची अट नाही. गरोदरपणात हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते. तेव्हा ही तरतूद म्हणजे दया नव्हे, शहाणपण होय.

परंतु तिचा इतिहास विसरता कामा नये. १९४८ साली अ‍ॅन्युरिन बेव्हन यांनी ही सेवा उभारली, तेव्हा दंतोपचार सर्वांनाच मोफत होते. १९५१ मध्ये शस्त्रसज्जतेचा खर्च वाढताच खुद्द मजूर सरकारने कवळ्या व चष्मे यांवर शुल्क बसवले. बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तत्त्वाला एकदा तडा गेला, की सर्वांचा हक्क ही काहींची सवलत बनते. आणि सवलतीला दाखला लागतो.

आज दाखला मिळतो, दंतवैद्य मिळत नाही. सरकारी मोबदला परवडत नाही म्हणून अनेक दंतवैद्य खाजगी व्यवसायाकडे वळले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टल शहरात सार्वजनिक सेवेचा एक दंतचिकित्सालय उघडताच नोंदणीसाठी शेकडो माणसे रस्त्यावर रांगेत उभी राहिली. ओल्या बाळंतिणीने अशा रांगेत किती वेळ तिष्ठावे?

आपल्या कार्यकर्त्यांनी घ्यायचा बोध स्पष्ट आहे. मोफत उपचारांची घोषणा पदरात पाडून घेणे हा अर्धाच लढा होय. दवाखाना, डॉक्टर आणि त्याचे वेतन यांची तरतूद अर्थसंकल्पात होत नाही, तोवर हक्क कागदावरच राहतो.