पवईचा पाहुणा आणि आमचा बाजेवाला

गेल्या वैशाखातली गोष्ट. आमच्या बाभुळगावात लग्नसराई म्हणजे काय असते, ते धामणगाव रस्त्याने एस.टी.ने जाणाऱ्या उतारूला विचारा. एका वरातीतून गाडी सुटते न सुटते तो पुढे दुसरी वरात हजर! हल्ली वरातीपुढे डी.जे. असतो. त्याच्या दणक्याने फळीवरची भांडी चुलीपर्यंत चालत येतात, असे आमच्या सौ.चे म्हणणे आहे. यातली अतिशयोक्ती वजा केली तरी बारा आणे खरे उरते.

पण त्या दिवशी वरबापाने हौसेने जुन्या पद्धतीचा बॅन्ड आणवला होता. ढोल, खुळखुळा, दोन ट्रम्पेट, एक क्लॅरिनेट आणि वाकड्या मानेचा, पिवळा सॅक्सोफोन. तो वाजवणारे बाबा साठी उलटलेले. अंगात लाल कोट, पायात मात्र टायरची चप्पल. सिनेमाचे गाणे सुरू झाले. पहिला अंतरा बाबांनी सरळ वाजवला. दुसऱ्याला काय झाले कोणास ठाऊक, ते चाल सोडून बाजूला सरले. एक सूर धरला, वाकवला, खाली आणला, पुन्हा वर नेला. ढोलवाला क्षणभर गोंधळला, मग हसला आणि त्यांच्या मागे निघाला. माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात नवरदेवाचा मामा ओरडला, "अबे, गानं वाजव सीधं! पैसे कायचे घेतले?"

साठीच्या माणसाला 'अबे'! बाबांनी गुमान गाणे धरले. पुढे पंगती उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. बॅन्डवाले गोठ्याजवळच्या सावलीत वाट पाहत होते. कोणी काही बोलले नाही. मीही नाही. मी तेव्हा दुसऱ्यांदा बुंदी वाढून घेत होतो, हे कबूल करतो.

घरी आल्यावर मला सनी रॉलिन्स आठवला. वाचक विचारतील, हे कोण गृहस्थ? सांगतो.

रॉलिन्स हा न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात 1930 साली जन्मलेला काळा अमेरिकन. जॅझ संगीतातला सॅक्सोफोनचा बादशहा. जॅझमध्ये ओळखीची चाल एकदा सांगायची, मग तिच्या अंगणाबाहेर पडून त्या घटकेला सुचेल ते वाजवायचे आणि भटकून पुन्हा घरी यायचे. आपल्या कीर्तनकाराला यात नवल वाटणार नाही. तोही अभंग सोडून कुठल्या कुठे जातो आणि बरोबर ध्रुपदावर येतो.

लहानपणी आजी त्याला हक्कांच्या मोर्च्यांना घेऊन जाई. पुढे नाव झाले, रेकॉर्डी निघाल्या, वर्तमानपत्रांत फोटो आले. आणि न्यूयॉर्कात भाड्याने घर शोधायला गेला तर कातडीचा रंग पाहून नकार! टाळ्या वाजवायला चालतो, शेजारी चालत नाही. 1958 साली त्याने 'फ्रीडम सूट' ही रचना वाजवली. अवघे तीन वादक, आणि रेकॉर्डची एक अख्खी बाजू, जवळपास वीस मिनिटे. त्यात एक शब्द नाही. शब्द होते ते वेष्टनावर, त्याचे स्वतःचे, चार ओळींचे. पण तेवढेही कंपनीला जड गेले असावेत, कारण थोड्याच काळात तीच रेकॉर्ड दुसऱ्या निरुपद्रवी नावाने बाजारात आली.

मला मात्र या माणसाची दुसरीच एक गोष्ट अधिक आवडते. 1959 साली, कीर्ती ऐन भरात असताना, आपले वाजवणे आपल्यालाच पुरेसे वाटत नाही म्हणून त्याने कार्यक्रम बंद केले. रियाज तर हवा. पण घरात वाजवावे तर शेजाऱ्यांना त्रास. मग हा बादशहा वाद्य उचलून विल्यम्सबर्ग पुलावर जाऊ लागला. खाली नदी, बाजूने आगगाड्या, आणि वर हा एकटा, तासन् तास! अशी दोन वर्षे. (आमच्या डी.जे.वाल्यांना बेंबळा धरणाच्या भिंतीवर पाठवावे, ही सौ.ची सूचना मी येथे केवळ नोंदवतो.)

आणि हाच माणूस 1967-68 च्या सुमारास आपल्या मुंबईत येऊन राहिला होता! पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात, काही महिने. डोळे मिटून बसावे तर मन ठरेना. तशी तक्रार केल्यावर, सॅक्सोफोन वाजवणे हेच तुझे ध्यान आहे, असे त्याला तिथे सांगण्यात आले. ही आठवण त्याने स्वतःच पुढे सांगितली आहे. इकडे आमच्या वऱ्हाडात, मोझरीला, तुकडोजी महाराजांचे ते अखेरचे दिवस. त्यांनी खंजिरीच्या तालावर खेडेगावातल्या माणसाला ताठ मानेने उभे राहायला शिकवले होते, आणि 1955 साली विश्वशांतीच्या परिषदेसाठी ते थेट जपानला जाऊन आले होते. दोघांची गाठ पडली असती तर! पण असो.

1978 साली मुंबईच्या पहिल्या 'जॅझ यात्रे'त रॉलिन्स पुन्हा येऊन वाजवून गेला. 2001 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले तेव्हा त्याचे घर तिथून हाकेच्या अंतरावर होते. त्याला घर सोडावे लागले. जिने उतरताना बरोबर घेतला तो सॅक्सोफोन. चौथ्या दिवशी बॉस्टनला कार्यक्रम ठरलेला. त्याचे मन नव्हते, पण बायकोने जायला लावले, आणि सत्तरी ओलांडलेला हा माणूस हादरलेल्या लोकांपुढे उभा राहून वाजवू लागला.

हे सारे आमच्या बाबांना सांगावे, असे डोक्यात बसले. आठवडाभराने ते बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर भेटले. नातवाच्या मोबाइलवर मी त्यांना 'फ्रीडम सूट' लावून दिले. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. चहा निवला.

"गुर्जी, याले कोनी टोकलं नाही का मंदात?"

मी त्यांना घराची हकिकत सांगितली.

"बरं. मंग जेवाले?"

मला प्रश्न कळला. उत्तर सुचेना. बुंदी आठवली.

बाबांनी उपरण्याने मोबाइलची काच पुसली आणि म्हणाले, "लावा बरं पुन्ना. सुरूपासून."

दुसऱ्यांदा लावले तेव्हा त्यांची बोटे टपरीच्या बाकावर चालत होती.