आवरण म्हणजे भिंत नव्हे

विद्यार्थी मित्रांनो, ‘पक्ष्याच्या गर्भाभोवतीच्या आवरणांची नावे लिहा’ असा प्रश्न आला की तुम्ही घडाघडा लिहिता : उल्ब, जरायू, अपरापोषिका आणि पीतककोश. गुण मिळतात. पण त्यांचे कार्य काय, असे विचारले की उत्तर येते – ‘गर्भाचे रक्षण’. मी पदार्थविज्ञान शिकवतो. मला हे उत्तर अपुरे वाटते. रक्षण म्हणजे कोंडून ठेवणे, असा गैरसमज त्यातून होतो.

कोंबडीचे अंडे घ्या. बेडकाची अंडी पाण्यात वाढतात, कोंबडीचे कोरड्यावर. म्हणून उल्ब गर्भासाठी जणू एक लहानसे तळेच राखते. त्या द्रवाच्या उत्प्लावक बलामुळे कोवळ्या अवयवांवर स्वतःच्या वजनाचा भार पडत नाही. पीतककोश अन्न पुरवतो. अपरापोषिकेत टाकाऊ द्रव्ये साठतात. शिवाय ती जरायूला चिकटते आणि तिच्या रक्तवाहिन्या कवचाच्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून ऑक्सिजन घेतात व कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतात. म्हणजे हे फुप्फुसाचेच काम! गाय व्याली की जी वार पडते, तीही जरायू आणि अपरापोषिका मिळूनच बनलेली असते.

छिद्रांतून पाण्याची वाफही निघून जाते. उबवणीच्या २१ दिवसांत अंड्याचे वजन साधारण १२ ते १४ टक्क्यांनी घटते. पाणी फार गेले तर पिल्लू सुकते. फारच कमी गेले तर बोथट टोकाकडील हवेची पोकळी लहान राहते, आणि कवच फोडण्याआधीचा पहिला श्वास घेणे पिल्लाला अवघड होते. तेव्हा खरे रक्षण आहे ते बेताच्या देवाणघेवाणीत.

हे पटत नसेल तर घरातले एक कच्चे अंडे कोमट पाण्यात बुडवून पाहा. आतली हवा प्रसरण पावते आणि कवचावर बारीक बुडबुडे दिसू लागतात. दुसरे अंडे शाळेच्या तराजूवर आठवडाभर रोज तोला आणि वजने वहीत मांडा.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी विनंती आहे, की नावे विचारण्याऐवजी एवढेच विचारा : ‘उबवणीच्या अंड्याला मेण फासले तर आतल्या गर्भाचे काय होईल आणि का?’ ज्याला हे सांगता येईल, त्याला एखादे नाव आठवले नाही तरी बिघडत नाही. आणि मित्रांनो, परीक्षेत हा प्रश्न येईपर्यंत वाट कशाला पाहता? आजच उत्तर लिहून काढा.