संदर्भ छापला आहे, ग्रंथ मात्र नाही

वाडीहून अमरावती मार्गाने शहराकडे निघाले की राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा परिसर लागतो. १९२३ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ वाडीतील आपल्या मुलामुलींना जवळचे. परंतु प्रबंधासाठी संदर्भ हवा असला की आज पहिला प्रश्न ग्रंथपालांना नव्हे, तर भ्रमणध्वनीतील चॅटजीपीटीला विचारला जातो. उत्तर क्षणात मिळते. लेखक, नियतकालिक, वर्ष, पृष्ठ क्रमांक, सारे काही व्यवस्थित. अडचण एवढीच की असा लेख कधी कधी कोणी लिहिलेलाच नसतो.

हे यंत्र ग्रंथालयाची तालिका उघडून शोध घेतेच असे नाही. वाचलेल्या असंख्य मजकुरावरून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल याचा ते अंदाज बांधते. संदर्भाचा साचा त्याला पाठ आहे. त्या साच्यात जे भरले ते अस्तित्वात आहे काय, हा प्रश्न त्याला पडत नाही. विद्यार्थ्याला मात्र तो पडावयास हवा.

ही केवळ विद्यार्थ्यांची चूक नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर खात्याचा एक निर्धारण आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले तीन न्यायनिर्णय मुळात अस्तित्वातच नव्हते. (आयकर अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय अकादमी आपल्या नागपुरातच आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.) त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतील ‘शिकागो सन-टाइम्स’ने उन्हाळी वाचनासाठी पंधरा पुस्तकांची यादी छापली, त्यांतील दहा पुस्तके कोणी लिहिलेलीच नव्हती, लेखकांची नावे मात्र खरी होती. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या अभिलेखागारालाही अशा काल्पनिक संदर्भांविषयी अभ्यासकांना सावध करावे लागले. जे नाही ते शोधण्यात ग्रंथपालांचे तास खर्ची पडतात. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेला नियम. ग्रंथपालाचा वेळ वाचविण्याचा नियमही आता करावा लागेल.

विद्वत्तेच्या प्रकाशनाचे दुखणे याहून जुने आहे. पुण्यातील अभ्यासकांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठांनी सुचविलेल्या १००९ नियतकालिकांची छाननी मांडली, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके कसोटीला उतरली नाहीत. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘केअर’ यादी सुरू केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. खरे-खोटे पारखण्याचे ओझे आता विद्यापीठांवर आणि अभ्यासकांवर आले आहे, तेही अशा काळात की पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकासाठी निबंध तयार करावयास एक रात्रही लागत नाही. यंत्राने लिहावे, यंत्राने तपासावे आणि पुढच्या यंत्राने तेच शिकावे, हे चक्र मला तरी भयावह वाटते. दुसरीकडे, प्रतिष्ठित प्रकाशकही निष्कलंक नाहीत. टेलर अँड फ्रान्सिसच्या मालक कंपनीने २०२४ मध्ये आपला मजकूर वापरण्याचा करार मायक्रोसॉफ्टशी केला, तेव्हा आपल्याला विचारलेही नाही, अशी अनेक लेखकांची तक्रार होती.

आपल्यासाठी हा विषय आणखी निकटचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. त्या काळच्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळुरात निघालेली आवृत्ती आणि लंडनमध्ये असलेले देवनागरी हस्तलिखित यांच्या आधारे अभ्यासकांनी पाठभेद जुळविले. अशा ग्रंथाच्या नावावर यंत्राने एखादी ओवी रचून दिली आणि ती एखाद्या प्रबंधात किंवा धर्मग्रामाच्या स्मरणिकेत छापली गेली, तर ती खोटी आहे हे सांगू शकणारे किती जण आहेत?

याच तंत्राने जुन्या मराठी छापील पानांतील अक्षरे ओळखता येतात, दृष्टिहीन वाचकाला पुस्तक ऐकविता येते. त्या उपयोगाचे स्वागतच आहे. व्हॅटिकनच्या ‘अँटिक्वा एत नोव्हा’ या जानेवारी २०२५ मधील टिपणीनेही तंत्रज्ञान त्याज्य ठरविलेले नाही. विद्यार्थ्याला उत्तराकडे नेण्याऐवजी आयते उत्तर देणाऱ्या साधनांविषयी तिने सावध केले आहे.

खऱ्या नियतकालिकांपर्यंत पोहोचण्याचा मार्गही सर्वांना सारखा नाही. केंद्राच्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये मंजूर झाले असून तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके त्यात आहेत. परंतु पहिला टप्पा शासकीय संस्थांसाठी आहे. खासगी व्यवस्थापनाच्या महाविद्यालयातील मुलगी मूळ लेख मिळत नाही म्हणून फुकटच्या यंत्राकडे वळली, तर तिला दोष कसा द्यावा? आपल्या शिक्षणसंस्थांच्या ग्रंथालय समित्यांनी येत्या बैठकीत दोन विषय घ्यावेत: नियतकालिकांच्या वर्गणीसाठी तरतूद किती, आणि प्रकल्पातील प्रत्येक संदर्भ ग्रंथपालांकडून पडताळून घेण्याची सोय आहे काय.