पत्ता सगळ्यात शेवटी

कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांत आखाती देशांत गेलेल्या माणसाला पत्र लिहिणे हा एक सोहळाच असे. अम्मी सांगायच्या, शिकलेली मुलगी लिहायची, मग सगळे पत्र मोठ्याने वाचून दाखवायची. कुणाचा सलाम राहिला असेल तर तो कडेला आडवा लिहिला जाई. पाकीट बंद झाले की त्यावर पत्ता. पत्र पेटीत पडेपर्यंत विचार बदलायला सवड होती.

ई-मेलने हा क्रम उलटा केला. पत्त्याची जागा सगळ्यात वर, म्हणून आपण आधी पत्ता भरतो आणि मग लिहायला बसतो. एक बटण चुकून दाबले गेले की अर्धा मजकूर निघून जातो. नोकरीचा अर्ज "माझे शिक्षण" या शब्दांवरच तुटतो. रागाच्या भरात भावाला लिहिलेले दोन शब्द, जे आपण खोडणारच होतो, त्याच्यापर्यंत पोहोचतात. "आधीचा मेल वाचू नका" असे कळवले तर तो हमखास वाचला जातो.

असे होते कसे? संगणकावर जीमेलमध्ये कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबले की मेल जातो. परिच्छेदाला जागा सोडायला टॅब दाबला, तर निवड थेट 'सेंड' बटणावर जाते. पुढे एंटर दाबला की काम संपले. फोनवर फाइल जोडायची पिन आणि पाठवायचा बाण शेजारी शेजारी असतात.

उपाय सोपे आहेत. पहिला आणि सगळ्यात भरवशाचा: पत्ता शेवटी लिहा. पत्त्याशिवाय मेल जातच नाही. आधी मजकूर, मग विषय, मग फाइल, मग एकदा वाचन आणि नंतर पत्ता. आलेल्या मेलला उत्तर देताना पत्ता आपोआप भरलेला असतो. तेव्हा तो आधी काढून टाका किंवा उत्तर फोनच्या नोट्समध्ये लिहून मग उचलून आणा.

दुसरा: जीमेलच्या सेटिंगमध्ये 'अनडू सेंड' आहे. ही सोय २००९ मध्ये प्रयोग म्हणून आली आणि २०१५ मध्ये सर्वांसाठी कायम झाली. तिथे ५, १०, २० किंवा ३० सेकंद निवडता येतात. ३० निवडा आणि पानाच्या तळाशी जाऊन बदल सेव्ह करायला विसरू नका. ही सोय गेलेला मेल परत आणत नाही, तेवढे सेकंद तो रोखून धरते एवढेच. वेळ संपली की इलाज नाही.

तिसरा: अँड्रॉइड फोनवर जीमेलच्या जनरल सेटिंगमध्ये 'कन्फर्म बिफोर सेंडिंग' सुरू करा. मग प्रत्येक वेळी पाठवण्याआधी फोन विचारतो.

अर्धा मेल हरवेल ही धास्तीही नको. जीमेल तो आपोआप ड्राफ्टमध्ये ठेवते. म्हणून रागातला मेल रात्री लिहिला तरी पत्त्याविना तिथेच राहू द्या आणि सकाळी वाचा. पुष्कळदा तो पाठवावासा वाटणार नाही.

घरात दहावी-बारावीची मुले असतील तर प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे मेल सुरू होण्याआधी त्यांना शेजारी बसवून ही सेटिंग करून घ्या. पाच मिनिटे पुरतात.