परसांतील ट्रॅम्पोलीन

परतूरच्या एका भगिनींनीं विचारलें आहे कीं, "उन्हाळ्याच्या सुटींत नातवंडें यावयाचीं आहेत. घरामागें मोठें परस आहे. तेथें ट्रॅम्पोलीन बसवावी असा चिरंजीवांचा आग्रह आहे. ती टिकाऊ व निर्धोक कशी ओळखावी?" हा प्रश्न हल्लीं अनेक घरांत निघतो, म्हणून उत्तर सर्वांसाठींच देत आहें.

जत्रेंत मुलें ज्या ताणलेल्या जाळीवर उड्या मारतात, तीच ही वस्तु. १९३४ च्या सुमारास अमेरिकेंतील आयोवा येथें जॉर्ज निसेन व लॅरी ग्रिसवोल्ड या कसरतपटूंनीं ती घडविली. २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें तिच्यावरील कसरतीला स्थान मिळालें. समर्थ रामदासांचें जन्मगांव जांब ज्या जालना जिल्ह्यांत आहे, तेथें मुलांनीं शरीर कमवावें हें कोणाला सांगावयास नको. परंतु ऑलिंपिकच्या खेळाडूजवळ शिक्षक उभा असतो. परसांत बहुधा कोणीच नसतें.

प्रथम टिकाऊपणाविषयीं. सांगाड्याचे नळ आंतून व बाहेरून जस्ताचा मुलामा दिलेले असावेत. नुसता रंग सांध्यापाशीं सुटतो व तेथें गंज धरतो. जालना शहर लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. नळाची जाडी व जोडकाम पारखणारा कारागीर तेथें सहज भेटेल. किती वजन पेलेल, हें विक्रेत्याकडून लेखी घ्यावें. मात्र आपल्याकडे लोखंडाआधीं उन्हानेंच घात होतो. वैशाखांत पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हानें जाळीचे प्लॅस्टिकचे धागे ठिसूळ होतात, आणि स्प्रिंगांवरील गाद्या व भोंवतालची संरक्षक जाळी त्याहूनहि लौकर विरतात. हे भाग सुटे मिळतात कीं नाहीं, हें किंमतीच्या आधीं विचारावें.

जागा सपाट, मातीची वा गवताची असावी. शहाबादी फरशी, हौदाचा कांठ, तुळशीवृंदावन, भिंत यांपासून चोहोंकडून निदान २ मीटर अंतर असावें. वर झाडाची फांदी किंवा तार नसावी. वळवाच्या वाऱ्यांत ही वस्तु उलटूं शकते; तेव्हां पाय खुंट्यांनीं जमिनीशीं जखडावे. दुपारीं काळी जाळी तळपायांना चटके देते. म्हणून खेळ सकाळींच व्हावा.

एवढें केलें म्हणजे चिंता मिटली असें वाटतें, आणि येथेंच चूक होते. अमेरिकन अॅकॅडेमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें १९९९ सालीं घरगुती ट्रॅम्पोलीनविरुद्ध सल्ला दिला, व २०१२ सालीं पुन्हां तेंच मत मांडलें. तिच्या सांगण्याप्रमाणें सुमारें तीनचतुर्थांश दुखापती एका वेळीं अनेक जण जाळीवर असतांना होतात. आणि त्यांत लहानग्याला धोका मोठ्याच्या १४ पटींपर्यंत असतो. कारण उघड आहे. जड मूल जाळी खोल दाबतें. ती उसळत असतां हलकें मूल खालीं आलें, तर तें जणूं वर येणाऱ्या जमिनीवरच आदळतें, आणि गुडघ्याखालचें कोंवळें हाड मोडतें. भोंवतालची जाळी हें थांबवूं शकत नाहीं, कारण मूल बाहेर पडलेलेंच नसतें. उलट जाळी आहे म्हणून मोठीं माणसें निर्धास्तपणें घरांत निघून जातात.

तेव्हां नियम असे: एका वेळीं एकच मूल. सहा वर्षांखालील मुलाला मुळींच मनाई. कोलांटउडी कोणीहि मारूं नये. मानेवर पडलेलें मूल जन्माचें पंगु होऊं शकतें. एक मोठें माणूस सारा वेळ जवळ उभें असावें. खेळ संपतांच शिडी काढून घरांत ठेवावी, म्हणजे सर्व जण वामकुक्षी घेत असतां धाकटें मूल वर चढणार नाहीं.

सहा नातवंडें आरडाओरडा करीत असतां "एका वेळीं एकच" हा नियम आपणांस पाळवून घेतां येईल काय, हें आजीबाईंनीं स्वतःच्या मनाला विचारावें. येईल, तर खुशाल घ्यावी. नसेल, तर पैसे राखावेत, आणि नागपंचमीला बांधतात तसा झोका नव्या, मजबूत दोरानें परसांतल्या कडुनिंबाला सुटींतच बांधावा. फांदी जाड व खालीं माती भुसभुशीत असावी. झोक्याच्या लहानशा फळीवर जागाच एकाची असते. ट्रॅम्पोलीनवर साऱ्यांनाच जागा दिसते, हाच तिचा खरा दोष आहे. आणि तो चांगल्यांत चांगली घेऊनहि जात नाहीं.