नवा टायर, जरा दमानं!

बाइकला नवा मागचा टायर बसला की हात शिवशिवतात. थेट कात्रज घाट! पण बॉस, नवं रबर साच्यातून तुळतुळीत होऊन येतं. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर तरी करकचून ब्रेक नाही, गाडी फार झुकवणं नाही.

परवा १००/९०-१७ घ्यायला गेले. दुकानदार म्हणाला, ‘एकदम फ्रेश माल, मॅडम.’ मी उकिडवं बसून टायरची बाजू वाचली. चार आकडे : ३५२१. म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा! ‘दादा, दुसरा काढा.’ निमूट निघाला. चाक फिरायच्या दिशेचा बाणही बघून घेतला. घाईत उलटा बसतो कधी कधी.

संध्याकाळी नेमका पाऊस. झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या पट्ट्यावर मागचं चाक किंचित सरकलं, पोटात गोळाच आला. स्पीड वीसचा होता म्हणून निभावलं. आज चार दिवसांनी टायरची चकाकी मधोमध गेलीय, कडांना तशीच आहे. म्हणजे सरळ रस्त्यावर पकड आली, वळणावर अजून नाही. त्यामुळे रोज थोडी थोडीच जास्त झुकवतेय. ऑफिसातली गँग रविवारी सिंहगडाला निघालीये. मी मागच्या सीटवर!