माप एकच असावे

गोंदियाची ख्याती भाताची. धान पिकवावे, मोजून द्यावे आणि गिरणीतून तांदूळ बाहेर पडताना पाहावा, हा येथील पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. या व्यवहारात शेतकरी एका गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. ती म्हणजे माप. घेण्याचे माप एक आणि देण्याचे दुसरे ठेवणाऱ्या व्यापाऱ्यास आमच्या बाजारात जे नाव आहे, ते छापण्याजोगे नाही. परंतु हाच व्यवहार राज्यकर्त्यांनी, आणि त्यांच्यामागून सुशिक्षितांनी, राजकीय हिंसेच्या बाबतीत आरंभिला असता त्यास मुत्सद्देगिरी म्हणण्याचा प्रघात पडत आहे. त्या प्रघाताविरुद्ध हा लेख आहे.

प्रथम घरचेच सांगतो. डाव्या अतिरेक्यांची हिंसा गोंदिया जिल्ह्यास ऐकून नव्हे, सोसून ठाऊक आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव येथील जंगलपट्टीतील माणसाने कित्येक वर्षे दोन बंदुकांच्या मध्ये काढिली. गरिबाच्या नावाने उचललेली बंदूक अखेर गरिबाच्याच छातीवर रोखली जाते, हा धडा त्याला कोणी पुस्तकातून शिकविला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या एका गटाने गोंदियातच शस्त्रे खाली ठेविली, तेव्हा आम्हांस समाधानच वाटले. त्या हिंसेच्या समर्थनार्थ आमच्या लेखणीतून एक अक्षरही उतरणार नाही.

पण आता पुढचे. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. त्याच्या उद्देशातच कडव्या डाव्या संघटनांचा नामनिर्देश आहे. इतरांची बोळवण ‘तत्सम’ एवढ्या शब्दावर झाली आहे. अशा कायद्याच्या समर्थनार्थ आमच्यासारख्या जिल्ह्यांचे दुःख साक्षीस उभे केले जाते. साक्षीदारासही एक उलट प्रश्न विचारण्याचा अधिकार असावा. पुण्याच्या पुलावर आणि कोल्हापुरात भरवस्तीत विचारवंतांवर ज्या गोळ्या झाडल्या गेल्या, त्या कोणत्या डाव्याने झाडल्या?

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरावयास निघालेले डॉ. नरेंद्र दाभोलकर पुण्यात मारले गेले. ते ‘साधना’चे संपादक होते, शब्दाखेरीज दुसरे शस्त्र त्यांनी कधी हाती धरिले नाही. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चौथ्या दिवशी पानसरे गेले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडात, वचनसाहित्याचा व्यासंग करीत आयुष्य वेचलेल्या प्रा. कलबुर्गींना त्यांच्याच दारात मारण्यात आले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळुरात गौरी लंकेश यांना. यांपैकी शेवटचे दोन खून एकाच पिस्तुलाने झाले, असा तपासाचा निष्कर्ष आहे. धर्माचा शत्रू ठरविलेल्या माणसाचा काटा काढावयाचा, हा हिंदुत्वाचे नाव घेणाऱ्या कडव्या मंडळींचा हेतू तपासयंत्रणांनी न्यायालयांपुढे मांडला. दाभोलकर खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला. दोघांस जन्मठेप झाली, तिघे सुटले. आणि खरे सूत्रधार निराळेच असून त्यांना उजेडात आणण्यात तपासयंत्रणा अपयशी ठरली, असे न्यायालयानेच नमूद केले. हात सापडला, डोके सापडले नाही. जंगलातील दलमचे डोके शोधण्यासाठी जे सरकार डोंगर पालथे घालते, त्याला शहरातील हे डोके अकरा वर्षांत दिसू नये?

आक्षेपक म्हणतील, हे थोड्या माथेफिरूंचे काम. त्याला पंथ कशाला चिकटविता? माथेफिरू एकटा असतो. तो पाळत ठेवीत नाही, वाहने जमवीत नाही, राज्याची सीमा ओलांडून पिस्तूल फिरवीत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटात सहा माणसे मेली, आणि ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. हा निकाल मानलाच पाहिजे. संशय म्हणजे पुरावा नव्हे. परंतु आरोपी सुटले म्हणून मेलेले उठून बसले नाहीत. सतरा वर्षांनंतरही सहा प्रेतांचा मारेकरी कायद्यास ठाऊक नसावा, यात जल्लोष करण्यासारखे काय आहे?

हे डोळे मिटणे नवे नाही. २० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या प्रार्थनासभेजवळ बाँब फुटला आणि मदनलाल पाहवा पकडला गेला. मुंबईच्या प्रा. जैन यांनी आपणांस ठाऊक असलेली कटाची हकीकत मुंबई सरकारच्या कानी घातली. हाती दहा दिवस होते. ते वाया गेले. ३० जानेवारीस ज्याने गोळ्या झाडल्या, तो पुण्यातील एका मराठी पत्राचा संपादक होता, ही गोष्ट आम्हां लेखणी चालविणाऱ्यांनी तरी विसरू नये. आधी लेखणीने माणसाला शत्रू ठरविले. पिस्तूल मागाहून आले. आणि त्यानंतर महाराष्ट्रात गावोगाव निरपराध ब्राह्मणांची घरे जाळली गेली, तीही हिंसाच होती. ज्यास पहिली दिसते आणि दुसरी दिसत नाही, किंवा उलट, त्याचे माप खोटे.

मग आमचे मागणे काय? उजव्यांसाठीही असाच एक कायदा करावा, असे आम्ही म्हणत नाही. विचाराच्या नावावरून संघटनेस गुन्हेगार ठरविणारा कायदा आज एकाच्या घरात शिरतो, उद्या दुसऱ्याच्या. खून, कट आणि स्फोटके यांविरुद्धचे कायदे पुरेसे आहेत. ते कचरत न चालवावेत, सूत्रधारापर्यंत जावे, आणि हिंसेला तिच्या नावाने हाक मारावी. मग तिच्या खांद्यावर लाल फडके असो वा भगवे.

शेवटी पुन्हा आमच्या जंगलाकडे येतो. दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे धरणी धरिली, त्याचा वटहुकूम त्यांच्या खुनानंतर आठवड्याच्या आत निघाला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. आज पूर्व विदर्भातील एखाद्या पाड्यावर तापाची साथ येऊन एखाद्या निराधार म्हातारीवर करणीचा आळ येतो, तेव्हा जमाव आणि ती यांच्यामध्ये उभा राहणारा कागद तो आहे. त्या म्हातारीस डावे-उजवे कळत नाही. तिच्यासाठी कायदा मागणारा माणूस कोणी मारविला, हे सांगण्याचे ऋण महाराष्ट्रावर अद्यापि आहे. आणि ऋण फेडावयाचे ते घेतलेल्या मापानेच.